कागद धुळ्याचा, दार जळगावचं

कोर्टाचा आदेश घरी आणला तेव्हा आईने तो देवघरात ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. "बेटा, आते कागद शे ना हातमा," ती म्हणाली. मलाही वाटलं, सुटले.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगाव जिल्ह्यातलं. मार असह्य झाला तेव्हा मुलीला घेऊन अंगावरच्या साडीनिशी एसटीत बसले. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात एक मोलाची सोय आहे. बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही तिला अर्ज करता येतो. म्हणून अर्ज धुळ्यात केला. वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवरा तारखेला आलाच नाही. माझ्या प्रतिज्ञापत्रावर अंतरिम आदेश झाला : मारहाण करू नये, संपर्क साधू नये, स्त्रीधन परत द्यावं.

पंधरा दिवसांनी भावाला घेऊन दागिने आणायला गेले. नवऱ्याने कागद वाचलासुद्धा नाही. भावाची कॉलर धरली, मला ओट्यावरून ढकललं. तशीच तिथल्या पोलीस ठाण्यात गेले. अंमलदाराने कागद उलटून पाहिला. "ताई, हा तर धुळ्याचा आदेश, तोही झेरॉक्स. आमच्याकडे काही आलेलं नाही. घरातलं भांडण घरात मिटवा." सही-शिक्क्याची नक्कल देवघरातच राहिली होती. लेखी तक्रार न देताच आम्ही परत फिरलो. तीही माझीच चूक.

नंतर वकीलबाईंनी उलगडून सांगितलं. कोर्ट आदेशाची मोफत प्रत दोन्ही पक्षांना देतं आणि पोलीस ठाण्यालाही पाठवतं. पण ज्या हद्दीत अर्ज केला, त्या ठाण्याला. म्हणजे माझ्या बाबतीत धुळ्याच्या. सासरच्या ठाण्याला तो आपोआप कळत नाही. आदेश मात्र देशभर लागू असतो. तो धुळ्याचा म्हणून जळगावात चालत नाही, असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही.

म्हणून सांगते, बायांनो. सासरच्या ठाण्याने अंमलबजावणीला मदत करावी, हा निर्देश अर्जातच मागा. 'माझं सामान' असं मोघम लिहू नका. पोत, पाटल्या, मुलीचा जन्मदाखला अशी यादी जोडा. आदेशाच्या दोन-तीन नकला काढा, एक सासरच्या ठाण्यात स्वतः द्या आणि पोच घ्या. सामान आणायला भावाच्या जोरावर जाऊ नका, पोलीस किंवा या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी सोबत असू द्या.

आदेश मोडला तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. तारीख, वेळ, कोण पाहत होतं, सगळं लिहा. संरक्षण आदेशाचा, अगदी अंतरिम आदेशाचाही भंग हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे : एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यात दाद लागली नाही तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. आणि जीवावर बेतलं तर कागदाची वाट पाहू नका, 112 लावा. सल्ल्यासाठी 181 आहे.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत व्हावा. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच आठवडे जातात. म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. 'घर सासऱ्यांच्या नावावर, तुझा हक्क नाही' असं कुणी सांगितलं तर डगमगू नका. तुम्ही संसार करून राहिलात ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा पिशवीत नक्कल होती, मदतीचा निर्देश होता, शेजारी महिला हवालदार होती. तिने ओट्यावर उभं राहून यादी मोठ्याने वाचली. पाटल्या मिळाल्या, दाखला मिळाला. पोत 'सापडत नाही' म्हणाले. यादीत तिच्यापुढे हवालदारबाईंनी 'दिली नाही' असं लिहून घेतलं, खाली नवऱ्याची सही घेतली. तो कागद आता पुढच्या तारखेच्या फाईलीत आहे.