बास्केटबॉल : ‘डंक’ची पूर्वतयारी

१९८२ साली महानगरपालिका झालेल्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात बास्केटबॉलकडे वळणाऱ्या तरुणाला बहुधा पहिली ओढ लागते ती ‘डंक’ची, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू थेट रिंगेत घालण्याची. हा मोह स्वाभाविक आहे. परंतु आधी हिशेब मांडावा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. १७० सेंटिमीटर उंचीच्या तरुणाचा उभारलेला हात साधारणतः २.२० मीटरपर्यंत पोचतो. चेंडू वरून घालावयाचा तर बोटे रिंगेच्या वर आणखी सुमारे १५ सेंटिमीटर जावी लागतात. म्हणजे उडी एक मीटरची हवी. ती फार थोड्यांना साधते. म्हणून नवशिक्याने मिनी बास्केटबॉलच्या २.६० मीटर उंचीच्या रिंगेवर, प्रथम टेनिसच्या चेंडूने सराव करावा.

उडीपेक्षा उतरणे अधिक महत्त्वाचे. सिमेंटच्या मैदानावर ताठ पायांनी उतरल्यास गुडघ्यांना व घोट्यांना जबर हादरा बसतो. चवडे आधी टेकवून, गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर भार घ्यावा. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराने थकल्या पायांनी उड्या मारू नयेत. आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी वीस-पंचवीस उड्या पुरेत. रिंगेला लोंबकळणे तर नियमातही बसत नाही. इजा टाळण्यासाठी रिंग धरावी लागली, तर सूट मिळते.