तळणीचं तेल वेगळं आहे का?

लोणावळ्याकडे सुट्टीला निघालेल्या आपल्या बेने इस्राएल मंडळींना माझं पहिलं सांगणं हे, की हॉटेलात शिरल्यावर "व्हेज आहे का?" एवढंच विचारून बसू नका. तळणीचं तेल वेगळं आहे का, तेही विचारा.

अश्दोदहून आलेल्या आत्याला घेऊन आम्ही शुक्रवारी सकाळी ठाण्याहून लोणावळ्याजवळच्या औंढ्याला निघालो होतो. वाटेत एका हॉटेलात बटाटेवडे मागवले. "एकदम प्युअर व्हेज, ताई," वेटर म्हणाला. मी हात धुवायला मागे गेले, तर वडे तळलेल्या कढईतूनच कोळंबीची भजी निघत होती. आत्याला सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने बशी बाजूला सारली आणि दुपारपर्यंत दोन केळ्यांवर राहिली. इतक्या वर्षांनी माहेरच्या मुलखात आलेल्या माणसावर ही पाळी यावी, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे लिहिते आहे.

पाकिटावरचा हिरवा ठिपका आत मांस-अंडं नाही इतकंच सांगतो. त्याच यंत्रातून आधी काय गेलं, द्राक्षाचं व्हिनेगर कोणी बनवलं, हे त्यावरून कळत नाही. उलट अंडं आपल्याला चालतं, पण त्यावर तपकिरी खूण असते. अमेरिकेत लहानशा शहरात अडकलेला आपला माणूस सुपरमार्केटात कोशेर मालावरचा गोलातला 'यू' शोधतो. ती खूण तिकडे १९२३पासून रुळली आहे. आपल्याकडे निर्यातीच्या काही मालावर ती दिसते, पण मावळातल्या किराणा दुकानात तिच्या भरवशावर राहू नका. तशी गरजही नाही. तांदूळ, डाळ, गूळ, शेंगदाणे, ताजी भाजी यांना कुणाचा शिक्का लागत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ इथे घरोघर मिळतो. तो निवडून घ्या आणि फ्लॉवर पावसाळ्यात टाळा, अळ्या फार असतात.

बंगला भाड्याने घेतलात तर कढई, तवा, सुरी, पातेली आपली न्या. औंढ्याच्या बंगल्यातली भांडी आदल्या पाहुण्यांच्या मटणाची होती. स्वयंपाकाच्या मावशींना मी सरळ सांगितलं, "मावशी, आमच्यात भांड्यांचं सोवळं असतं. मटणाचं आणि दुधाचं एकत्र येऊ देत नाही." त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचं असंच होतं. शेगडी पुसून देते, तुमचं तुम्ही रांधा." लपवाछपवी करू नका, मोकळेपणाने बोला. मावळातल्या माणसाला पाळणूक समजावून सांगावी लागत नाही.

त्यांनीच शेजारून गावरान अंडी आणून दिली. गावरान अंडी म्हणजे कोंबडा सोबत असलेल्या कोंबडीची, तेव्हा एकेक काचेच्या वाटीत फोडून उजेडाला धरा. आम्हाला एकात बलकाला चिकटलेला मोहरीएवढा लाल ठिपका दिसला. ते अंडं टाकलं आणि वाटी धुऊन पुढचं फोडलं. सगळी एकदम पातेल्यात फोडली असती तर सगळीच गेली असती.

कोंबडी घरूनच न्यावी. लोणावळ्यात आपलं सिनेगॉग नाही. घाटाखाली पनवेलचं बेथ एल, वर पुण्यात रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो आणि कॅम्पातलं १८६७चं लाल देऊळ. निघण्याआधी आपल्या हजानांना फोन करून कापून घ्या, अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवा, तीनदा धुवा आणि गोठवून बर्फाच्या पेटीत भरा. रस्सा नारळाच्या दुधात करा. हॉटेलातली तंदुरी दह्यात मुरवलेली असते, म्हणजे कोंबडी आपल्या पद्धतीने कापलेली असती तरी ती आपली नव्हेच.

शाब्बाथचा हिशोब घाटावर चुकतो. आषाढात ढग इतके उतरतात की सूर्य मावळला की नाही कळत नाही, म्हणून सूर्यास्ताची वेळ आधी लिहून न्या आणि त्याच्या बरंच आधी चूल आटपा. वीज जाते, फ्रिजवर विसंबू नका. शनिवारसाठी गार खाता येईल असंच करा: पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी. किद्दुशसाठी काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून केलेलं शरबत घरून बाटलीत घ्या. तिथे ऐन वेळी मनुकाही मिळतील याची खात्री नाही.

परतीच्या खरेदीत गूळ-शेंगदाण्याची चिक्की घ्यायची तर त्यात तूप आहे का ते विचारा. फज दुधाचं, तेव्हा कोंबडीच्या जेवणावर नको. मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते मुलांना देऊच नका.

मासे घ्यायचे तर पवनेच्या बाजूला रोहू, कटला मिळतात. मांगूर नको, त्याला खवले नसतात. मासेवाल्याला आधीच सांगा, खवले काढू नका, आम्हाला बघायचे आहेत. आणि कापायला सुरी आपली द्या.