हृदयाचा निरोप : पेप्टाइड संशोधन आणि रूढ उपचार

हृदयरुग्णांचे नातेवाईक अनेकदा विचारतात, ‘पेप्टाइडची नवी औषधे आली आहेत म्हणतात, मग या रोजच्या गोळ्या कशासाठी?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संशोधनाच्या इतिहासात सापडते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. इन्सुलिन हे तिचे परिचित उदाहरण. हृदयही असे पेप्टाइड स्रवते, हे १९८१ साली कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड व सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून सूचित झाले. उंदराच्या हृदयातील अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचताच लघवीवाटे मीठ व पाणी मोठ्या प्रमाणात बाहेर पडू लागले. ताण पडलेले हृदय जणू मूत्रपिंडांना ‘भार हलका करा’ असा निरोप धाडते.

हाच निरोप औषधरूपाने देण्याचा प्रयत्न झाला. नेसिरिटाइड या पेप्टाइडला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र सात हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यू वा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय घटत नसल्याचे दिसले. तर्क सुंदर होता. अपेक्षित लाभ मात्र पदरी पडला नाही.

पुढे वेगळा मार्ग निघाला. हे पेप्टाइड मोडणाऱ्या नेप्रिलायसिन विकराला रोखणारे सॅक्युबिट्रिल हे औषध, आधीपासून वापरातील वालसार्टनच्या जोडीने, गोळीच्या रूपात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होणे, हा एकत्रित धोका सुमारे २० टक्क्यांनी घटला. त्यातील बहुसंख्य रुग्ण बीटा-ब्लॉकरही घेतच होते. खुद्द एनालाप्रिलच्या वर्गातील औषधांचे मूळही ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषातील पेप्टाइडांच्या अभ्यासात आहे. तेव्हा पेप्टाइड संशोधन आणि रूढ उपचार हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. सॅक्युबिट्रिल आणि एनालाप्रिल एकत्र घेतल्यास चेहरा व घसा सुजून श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून बदल करताना दोहोंत किमान ३६ तासांचे अंतर ठेवावे लागते. कोणतीही गोळी स्वतःहून थांबवू वा बदलू नये. नव्या औषधाविषयी ऐकल्यास चालू औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे यावे आणि ‘याची चाचणी कोणत्या रुग्णांवर झाली व त्यांना काय लाभ झाला?’ असे निःसंकोचपणे विचारावे.