बसून काम, तरी एवढा थकवा कसा?

प्रश्न : आमचा मुलगा पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत कन्सल्टंट आहे. सध्या घरूनच काम करतो. दिवसभर खुर्चीत बसलेला, तरी माझ्याहून जास्त थकलेला दिसतो. रात्री अकरालाही फोन सुरू, जेवताना चिडचिड. मी पपईच्या शेतात राबून येतो आणि पाठ टेकली की झोपतो. मग त्याला बसून कसला ताण येतो?
– एक शेतकरी वाचक, ता. शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : मुलाचा थकवा खरा आहे, फक्त तो अंगमेहनतीचा नाही.

कन्सल्टंटचे तास कंपनी ग्राहकाला विकते. किती तास कोणत्या कामाला गेले, याची नोंद टाइमशीटमध्ये भरावी लागते. हाती प्रकल्प नसेल तर माणूस ‘बेंच’वर जातो आणि बेंच लांबला की नोकरीची धास्ती सुरू होते. त्यामुळे मुदत अशक्य वाटली तरी ‘जमणार नाही’ म्हणण्याची हिंमत होत नाही. मुदत ठरवतो ग्राहक, मान्य करतो मॅनेजर आणि निभावतो तुमचा मुलगा.

रॉबर्ट करासेक या अभ्यासकाने 1979 मध्ये नेमके हेच मांडले : कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, असे झाले की ताण सर्वाधिक. पाऊस आणि बाजारभाव तुमच्याही हातात नाहीत. पण आज खुरपणी करायची की फवारणी, हे तुम्ही ठरवता.

ग्राहक अमेरिकेतला असेल, तर त्यात घड्याळाची अडचण. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे दहा वाजतात तेव्हा शहाद्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. अंधार पडला की शेतातले काम थांबते. लॅपटॉपचे थांबत नाही. मेंदू जागाच राहतो, म्हणून दमूनही झोप येत नाही.

हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट वेतन आहे. मात्र व्यवस्थापकीय वा देखरेखीच्या पदांना हा कायदा लागू होत नाही. म्हणून मुलाने आपले नेमणूकपत्र नीट वाचावे आणि जादा तासांची नोंद स्वतःकडे ठेवावी.

झोप उडाली, कशातच मन लागेना, असे काही आठवडे चालले तर डॉक्टरांना दाखवा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते.

आणि एक विनंती : ‘बसूनच तर असतोस’ हे वाक्य घरात कुणीही त्याला ऐकवू नका.