लॉजच्या खोलीसाठी पलंग: चमक नव्हे, सांधा पाहा

बाळापूर हे अकोला-खामगाव महामार्गावरचे गाव. शेगावही जवळच. मुक्कामी व्यापारी, किल्ला पाहणारे आणि शेगावचे यात्रेकरू यांच्यासाठी येथे आठ-दहा खोल्यांचा लॉज काढू पाहणाऱ्याचे बरेच भांडवल पलंगांत गुंतते. म्हणून खरेदीपूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

घरच्या पलंगावर दोन माणसे झोपतात. लॉजच्या पलंगावर चौघे बसतात, मुले उड्या मारतात, जड बॅगा आपटल्या जातात. हा भार काठावर आणि मधोमध येतो. पलंग मोडतो तो बहुधा तेथेच किंवा सांध्यात.

१) लाकूड : परतवाड्याच्या बाजारात सागवान मिळते. ते गाभ्याचे आणि पूर्ण वाळलेले घ्यावे. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा व वाळवी लवकर लागते. ओले लाकूड आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आकसते, सांधे सैल होतात आणि पलंग करकरतो.

२) लोखंड : चौकोनी पाइप १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा असावा. रंगापूर्वी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. पायांना रबरी टोप्या लावाव्यात.

३) फळी : भुशाच्या दाबीव फळीत पाणी मुरले की ती फुगते व स्क्रू धरत नाही. त्याऐवजी आयएस ३०३ शिक्क्याचा प्लाय घ्यावा. गादीला हवा मिळावी म्हणून त्याला भोके पाडावीत.

४) आधार : डबल पलंगाला मधोमध आडवी पट्टी आणि पाचवा पाय हवाच. कोपरे खिळ्यांऐवजी नटबोल्टने जोडावेत. सैल झाले की पान्याने आवळता येतात.

५) उंची : खाली झाडू सहज फिरला पाहिजे. पेटीपलंगात सामान मावते, पण धूळ आणि ढेकूणही मावतात.

आता हिशेब पाहू. समजा, ६,००० रुपयांचा पलंग ३ वर्षे टिकला, तर तो वर्षाला २,००० रुपयांना पडला. १२,००० रुपयांचा पलंग १० वर्षे टिकला, तर वर्षाला १,२०० रुपयेच. शिवाय गर्दीच्या दिवसांत पलंग मोडून खोली बंद राहिली, तर बुडालेले भाडे वेगळेच.

तेव्हा एकदम दहा पलंग सांगू नका. आधी एक करवून घ्या, महिनाभर वापरा, कोपऱ्यावर दोन माणसे बसवून पाहा. मगच मिस्त्रीला बाकीचा बयाणा द्या.