सपाट रस्त्यावर एकच चाक का तापतं?

प्रश्न : आजऱ्यामार्गे आंबोली उतरून सावंतवाडीला जाऊन आलो, तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून जळका वास आला. घाटामुळे असेल म्हणून सोडून दिलं. आता निपाणी ते कागल एवढ्या अंतरातही तेच चाक तापतं, गाडी डावीकडे ओढते. पॅड बदलले, पण चार दिवसांत पुन्हा तेच. दोष नेमका कुठे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी घाटाचं बघू. १,००० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरवताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढीत १५ लिटर पाणी उकळीला येईल. खालचा गिअर ठेवला तर त्यातला बराच वाटा इंजिन उचलतं; न्यूट्रलवर उतरणारे मात्र सगळा भार ब्रेकवर टाकतात. पण ही उष्णता पुढच्या दोन्ही चाकांत साधारण सारखी वाटली जाते. कोगनोळीकडच्या सरळ हायवेवर एकच चाक तापत असेल, तर पाय काढल्यावरही तिथला ब्रेक सुटत नाहीये. आणि तो का सुटत नाही हे न बघता पॅड बदलले, तर नवे पॅडही तसेच घासत राहणार.

डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढायला सहसा स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठांची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रिंग जराशी पिळली जाते; पाय काढला की ती मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. बस्स, एवढंच. बाहेरचं रबरी कव्हर फाटून पावसाळ्यात आत पाणी-माती गेली आणि पिस्टनवर गंजाचा पापुद्रा धरला, तर रिंगचा जोर तिथे पुरत नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांचं ग्रीस सुकलं तरी ब्रेक असाच धरतो. काढलेले जुने पॅड अजून गॅरेजमध्ये पडले असतील तर मागून घ्या. आतला आणि बाहेरचा पॅड खूप कमी-जास्त झिजलेला असेल, तर संशय पिस्टन किंवा पिनांवर.

तिसरा गुन्हेगार लपलेला असतो : कॅलिपरला जाणारा रबरी होज. बाहेरून ठणठणीत, आतून फुगलेला. जाताना तेलामागे पायाचा जोर असतो, परत येताना तो नसतो, त्यामुळे तेल आतच अडकतं.

यातलं कोणतं, हे दहा मिनिटांत कळतं. गाडी फिरवून आणा आणि चाक धरलेलं असतानाच सपाट जागी उभी करा. मागच्या चाकांना दगड लावा, जॅकखेरीज खाली पक्का स्टँड द्या. चाक हाताने फिरत नसेल, तर कॅलिपरवरचं एअर काढायचं निप्पल पान्याने थोडंसं सैल करा. चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर तेल अडकलं होतं. तरीही घट्टच राहिलं, तर दोष कॅलिपरमध्ये. तेल अडकलेलं असेल, तर पुढच्या वेळी चाक धरल्यावर निप्पलऐवजी होजच्या वरचा, धातूच्या पाइपाचा जोड सैल करून बघा. तिथे चाक सुटलं नाही, तर होज गेला. सुटलं, तर अडथळा वर, मास्टर सिलिंडरकडे. मात्र मास्टर बिघडला तर बहुधा एकापेक्षा जास्त चाकं धरतात, म्हणून तुमच्या बाबतीत तो शेवटचा संशयित. तेल गरम असतं. डोळे जपा आणि ते रंगावर सांडू देऊ नका.

चाक गार करायला त्यावर बादली ओतायची सवय आपल्याकडे फार. डिस्क बिडाची असते. बीड म्हणजे काय हे कोल्हापूर-बेळगावच्या फाउंड्र्यांशेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको : लाल तापल्यावर पाणी पडलं तर तडकू शकतं.

दुरुस्तीत एकाच गोष्टीवर माझा कटाक्ष आहे. पिस्टनचे रबर पेट्रोल-डिझेलने धुवायचे नाहीत, त्यांना नेहमीचं पिवळं ग्रीस लावायचं नाही. खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि नवीन सील किटही महिनाभरात अडकतं. धुवायला ब्रेक ऑइल, पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस. पिस्टनला खड्डे पडले असतील तर तो घासून वाचवू नका, बदलाच. होजही दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी धरलेल्या तेलासाठी हीच हमी १५५ अंशांवर येते. घाटात पेडल एकदम मऊ पडतं ते याच उकळीमुळे. दोन वर्षांतून एकदा तेल बदलणं घाटात जाणाऱ्याला महाग नाही.

इतके दिवस तापलेल्या चाकाचं बेअरिंगही तपासून घ्या, त्यातलं ग्रीस वितळून गेलेलं असू शकतं. आणि काम होईपर्यंत आंबोलीच काय, तवंदी घाटातही ही गाडी नेऊ नका. गॅरेजमध्ये ‘पॅड बघा’ म्हणण्याऐवजी ‘निप्पल सोडल्यावर चाक सुटलं का?’ एवढं विचारा.