समुद्राकाठी दोन रात्री : एका अंदाजपत्रकाचा अभ्यास

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

आमचे घर शनिवार पेठेत, एका जुन्या वाड्याच्या मागल्या अंगाच्या दोन खोल्यांत आहे. घरात आम्ही पाच माणसे. वडील अप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तक-बांधणीच्या एका कारखान्यात रोजावर काम करतात. आई चार घरी पोळ्या करते. आजी ७७ वर्षांची आहे आणि धाकटा भाऊ ११ वर्षांचा. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातील पहिली व्यक्ती मी.

यंदा अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हांस एक प्रकल्प दिला. घरातील एखाद्या खर्चाचे आधी अंदाजपत्रक करायचे आणि मग प्रत्यक्ष खर्चाशी ते ताडून पाहायचे. कुणी दिवाळीचा खर्च घेतला, कुणी मावशीच्या लग्नाचा. मी विचार करीत बसले असता आजी म्हणाली, “एवढी शिकतीस, तर मला समुद्र दाखवायला किती पैसं लागत्याल ते काढ की.” आजीचे सारे आयुष्य दौंडकडच्या कोरड्या रानात आणि नंतर पेठेत गेले. समुद्र तिने पाहिला नव्हता. आईवडिलांनीही पाहिला नव्हता आणि खरे सांगायचे तर मीही नाही. विषय ठरला.

(१) ठिकाण कोणते?

प्रथम मी चार ठिकाणांची तुलना केली. गोवा पुण्यापासून सुमारे साडेचारशे किलोमीटर व गणपतीपुळे तीनशेहून अधिक. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी एवढा प्रवास म्हणजे एक पूर्ण दिवस गाडीतच जाणार. अलिबाग जवळ आहे. परंतु मुंबईकर बोटीने मांडव्याला उतरून तेथे सहज पोहोचतात, त्यामुळे मागणी मोठी व दरही चढे. उरले श्रीवर्धन. स्वारगेटहून एस. टी. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा या मार्गाने जाते. अंतर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून दुपारी समुद्रावर.

श्रीवर्धनचे आमच्या पेठेशी नातेही आहे. १७१३ साली पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला. त्या वाड्याच्या भिंतीवरून आम्ही रोज जातो-येतो, पण तो बांधणारे घराणे ज्या गावाहून आले तेथे जावे, असे आमच्या मनात कधी आले नव्हते.

(२) दिवस कोणते?

स्वस्त मुक्कामाचे निम्मे गणित तारखेत असते. नाताळचा आठवडा, मे महिन्याची सुट्टी आणि प्रत्येक शनिवार-रविवार या दिवशी मागणी वाढते, म्हणून भाडेही वाढते. पावसाळ्यात भाडे उतरते, पण समुद्र खवळलेला असतो व पाण्यात उतरणे धोक्याचे. म्हणून आम्ही माघ महिन्यातील बुधवार ते शुक्रवार असे दिवस निवडले. बांधणीच्या कारखान्यात जूनच्या शाळांची गर्दी अजून सुरू झालेली नसते, हेही एक कारण होतेच.

याखेरीज भरती-ओहोटी पाहावी लागते. भूगोलाच्या पुस्तकात भूमध्य समुद्राच्या काठच्या हॉटेलांची चित्रे आहेत. तेथे खुर्च्या अगदी पाण्याशेजारी मांडलेल्या दिसतात. तो समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीने तो महासागराला जोडलेला असल्यामुळे तेथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक नाममात्र असतो. आपल्याकडे तसे नाही. कोकणचे पाणी काही तासांत कित्येक हात पुढे येते आणि तितकेच मागे जाते.

यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनला. चतुर्थीला भरती तीन वाजता. त्याच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते व अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी. हा हिशेब ढोबळ आहे, तेव्हा गावातल्या माणसाला विचारल्यावाचून पाण्यात जाऊ नये. आम्हांला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची होती. ती वाट डोंगराच्या पायऱ्या उतरून समुद्रातल्या खडकांवरून जाते आणि ओहोटीलाच मोकळी असते. भरतीच्या लाटांनी तेथून माणसे ओढून नेली आहेत. म्हणून माघ वद्य चतुर्थीचा गुरुवार निवडला. त्या दिवशी ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास होती.

(३) मुक्काम

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या भागात राहण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, अगदी किनाऱ्यावरची हॉटेले. दुसरी, हरिहरेश्वर येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान. तिसरी, नारळी-पोफळीच्या वाडीतील घरगुती सोय, जेथे घरमालक मागल्या अंगणात दोन-चार खोल्या काढतात व घरचेच जेवण देतात. लाटांचा आवाज खोलीत ऐकू यावा याचे वेगळे पैसे पडतात. पाच-सात मिनिटे चालण्याची तयारी असली की ते वाचतात. आम्ही तिसरी तऱ्हा निवडली.

विसार पाठविण्यापूर्वी फोनवर पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात : दर खोलीमागे की माणशी? जेवण धरून की वेगळे? ताट मोजून की पोटभर? गरम पाणी मिळते का? खोली किती वाजता सोडायची? जाणे रद्द झाल्यास विसार परत मिळतो का? आणि जादा अंथरुणाचे पैसे वेगळे आहेत का? हा शेवटचा प्रश्न मी विचारला नाही. त्याचे फळ पुढे येईलच.

दरात घासाघीस किती करावी, याविषयीही माझे मत बनले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि येथील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पण पोफळ लावल्यावर फळ धरायला कित्येक वर्षे जातात. तोवर पुष्कळ घरांना खोलीचे भाडे हाच आधार. आमच्या यजमानीणबाईंनी वाडीतली नवी रोपे दाखविली, तेव्हा फोनवर शंभर रुपयांसाठी मी घातलेला वाद आठवून मला ओशाळल्यासारखे झाले.

(४) जमाखर्च

एस. टी. च्या सवलतींनी आमचे काम फार सोपे केले. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. मात्र वयाचा पुरावा जवळ हवा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट. म्हणजे वडिलांचे एक, आईचे अर्धे, माझे अर्धे, भावाचे अर्धे आणि आजीचे शून्य. पाच माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत! पूर्ण तिकीट सुमारे २८० रुपये धरून अंदाजपत्रक असे झाले :

पुणे–श्रीवर्धन जाऊन-येऊन : १,४०० रुपये
श्रीवर्धन–हरिहरेश्वर जाऊन-येऊन : २०० रुपये
खोली, दोन रात्री, दर १,५०० प्रमाणे : ३,००० रुपये
जेवणाची १४ ताटे, दर १५० प्रमाणे : २,१०० रुपये
चहा-न्याहारी : ४०० रुपये
किरकोळ व अडीअडचण : ७०० रुपये
एकूण : ७,८०० रुपये

पहिल्या दुपारी घरच्या भाकरी, चटणी व पिठले बांधून नेल्यामुळे पाच ताटे वाचली. गुरुवारी संकष्टी, तेव्हा दुपारी आजीचे एक ताट कमी धरले. हा कागद मी सरांना दाखविला. सरांनी तो वाचला आणि विचारले, “तीन दिवस वडील कामावर जाणार नाहीत. ते कोठे लिहिले आहेस?”

(५) न दिसणारा खर्च

एक गोष्ट मिळविण्यासाठी दुसरी जी सोडावी लागते, तिची किंमत म्हणजे वैकल्पिक खर्च, ही व्याख्या मी परीक्षेत बिनचूक लिहिली होती. स्वतःच्या घराच्या अंदाजपत्रकात मात्र ती विसरले. वडिलांचा रोज ६०० रुपये, तीन दिवसांचे १,८००. आईचे चार घरांचे मिळून दिवसाला ३०० पडतात, तीन दिवसांचे ९००. एकूण २,७०० रुपये. ही रक्कम प्रवासखर्चाहून मोठी, जेवणखाण्याहून मोठी आणि खोलीच्या भाड्याच्या अगदी खालोखाल. सहल ७,८०० ची नसून १०,५०० ची होती.

ज्यांना भरपगारी रजा असते त्यांच्या कागदावर हा रकाना येतच नाही. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने सर्व कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि सुट्टीसाठी सवलतीची रेल्वे तिकिटेही निघाली. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार कुटुंबांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. समुद्र तेथेच होता, पोहोचायला रेल्वेही होती; नव्हते ते रजेचे पैसे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजेचा हक्क दिला. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली मंडळाचा कायदा झाला. पण आई ज्या वहीत खाडे मांडते, त्या वहीत रजा असा रकाना नाही. तेथे खाडा म्हणजे खाडा.

मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करते. सहा महिन्यांत जे साठले होते त्यातून २,७०० रुपये एका पाकिटात घातले, वर ‘भरपगारी रजा, तीन दिवस’ असे लिहिले आणि निघण्याच्या आदल्या रात्री आईजवळ दिले. वडिलांनी पाकीट उलटसुलट करून वाचले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सर्वांच्या आधी तेच तयार होऊन बसले होते.

(६) प्रत्यक्ष

अंदाज व प्रत्यक्ष यांत फरक पडला तो तीन ठिकाणी. खोलीत अंथरुणे तीनच होती. जादा दोन अंथरुणांचे रात्रीला प्रत्येकी १००, म्हणजे ४०० रुपये गेले. ही चूक माझी. ताम्हिणीच्या वळणांनी भावाला उलट्या झाल्या. लिंबे, गोळ्या व बिस्किटे यांचे ९०. आणि आजीचा उपास! साबुदाण्याची खिचडी, केळी व दोनदा चहा मिळून १६०, म्हणजे वाचविलेल्या ताटापेक्षा दहा रुपये अधिकच. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते संकष्टीलाही लागू आहे. किरकोळच्या ७०० पैकी ६५० संपले.

पैशांत न मांडता येणाऱ्या दोन गोष्टींची नोंद करते. गुरुवारी रात्री आजी चंद्रोदयासाठी वाळूवर समुद्राकडे तोंड करून बसली होती. चंद्र पूर्वेला उगवतो आणि आपला समुद्र पश्चिमेला, हे मी सांगितल्यावर ती वळली. साडेनऊ उलटल्यावर चंद्र वाडीतल्या माडांमागून वर आला. यजमानीणबाई तोवर ताटे झाकून जाग्या होत्या. उशिराचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी सकाळची. आजीला पायऱ्या उतरवेनात, म्हणून वडील तिच्याजवळ देवळात थांबले व आम्ही तिघे प्रदक्षिणेच्या वाटेवर गेलो. ओहोटीने खडक उघडे पडले होते. आईने विचारले, “किती वाजले?” मी नऊ म्हणून सांगितले. या वेळी ती तिसऱ्या घरी कणीक मळीत असते. ती थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आज त्यांनी पोळ्या कशा केल्या असतील?” आणि हसली.

निष्कर्ष

काटकसरीचा मुक्काम आखताना खोलीच्या भाड्यावरच नजर ठेवणे पुरेसे नाही. मधल्या वारांचे दिवस, तिथीचा हिशेब, सवलतीचे तिकीट व वाडीतले घर यांनी पुष्कळ बचत होते. परंतु रोजावर जगणाऱ्या घराला समुद्र दूर वाटतो तो मुख्यतः बुडणाऱ्या रोजामुळे. तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावा, म्हणजे त्यासाठी आधीपासून साठविता येते.

शिल्लक राहिलेल्या ५० रुपयांची आजीने रोठा सुपारी घेतली व हिशेब पुरा झाला. एकच नोंद राहिली आहे. परत आल्यावर, पुढील वर्षाच्या माझ्या शुल्कासाठी आई ज्या डब्यात पैसे ठेवते, त्या डब्यात मला ते पाकीट तसेच सापडले. ही रक्कम जमेच्या बाजूस लिहावी की खर्चाच्या, हे मी सरांना विचारणार आहे.